दिवसाची लाइट, पहाटेचे तीन

भीमेच्या एका तीरावर शिरूर तालुका, दुसऱ्या तीरावर दौंड. या उसाच्या पट्ट्यात रात्री जागणाऱ्या माणसाचं कुणाला नवल वाटत नाही. शेतीपंपाची वीज पाळीनं येते. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं, कान मात्र बिबट्यासाठी उसाकडे. त्यामुळे दौंडकडच्या त्या पंचेचाळिशीतल्या शेतकऱ्याचे डोळे लाल दिसले, तरी कुणी काही विचारलं नाही.

संशय आला बायकोला. "आता तर दिवसाची लाइट हाय. मग तीनला उठून बसताय कशाला?"

दहाला पाठ टेकली की झोप लागायची, पण तीनला डोळा उघडायचा. लांबून मालगाडीची शिट्टी ऐकू यायची आणि सोसायटीचं कर्ज डोक्यात फिरू लागायचं. "कर्ज तेवढंच होतं. पर तीनला ते डोंगराएवढं दिसायचं, अन् सांजच्याला पुन्हा तेवढंच," तो सांगतो. पाहुण्यांनी 'थोडी घेत जा' म्हटलं. दारूनं झोप लवकर लागली, उत्तररात्री आणखी मोडली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारण्याआधी इतर गोष्टी विचारल्या: जेवण जातं का, बैलांपाशी मन रमतं का, जीव नकोसा होतो का. तिसऱ्या प्रश्नाला तो रडला. निदान झालं नैराश्याचं.

नैराश्यात चारांपैकी साधारण तिघांची झोप बिघडते. काही जण उलट दहा-बारा तास झोपूनही थकलेले उठतात. गाढ झोप कमी होते, स्वप्नांची झोप लवकर सुरू होते. नेहमीपेक्षा दोन तास आधी जाग येणं आणि सकाळी मन सर्वांत जड असणं, ही या आजाराची ओळखीची खूण. निद्रानाश आधी आला, तर तोही नैराश्याचा धोका वाढवतो.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले. तोवर नियम साधे: उठायची वेळ एकच, दुपारची झोप बंद, झोप येईना तर खाटेवर तळमळत पडायचं नाही. पुन्हा रात्रीची पाळी आली, तेव्हा पाणी चुलतभावानं धरलं. बदल्यात यानं त्याचं दूध डेअरीला घातलं. खिशातल्या चिठ्ठीवर 14416 हा आकडा होता. 2022मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस'चा हा मोफत क्रमांक. तिथं मराठीतून आणि रात्रीही बोलता येतं. त्यानं दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तीननंतर.

पोळ्याच्या आसपास त्यानं बायकोला विचारलं, "ती पहाटंची मालगाडी बंद केली का गं?"

"रोज जाती की," ती म्हणाली.