कुकटपल्लीतली लाल गाडी

बेळगावहून रात्री सुटलेली बस विजापूर, कलबुर्गी, हुमनाबाद, झहीराबाद करीत पहाटे कुकटपल्लीत शिरते. मुख्य हैदराबाद अजून पुढे असते, पण आमच्या अक्काचे घर अलीकडेच, के.पी.एच.बी. कॉलनीत. गेली पंचवीस वर्षे एक गोष्ट ठरलेली होती. बसमधून उतरायचे आणि समोर बघायचे. रस्त्याच्या कडेला भावजींची बुटकी लाल गाडी उभी असायची. पिशवी मांडीवर, गुडघे छातीशी आणि डोक्यावर उघडे आभाळ, अशा थाटात आमची वरात घरी पोहोचायची.

यंदा संक्रांतीच्या आधी गेलो, तर भावजी रिक्षातून आले होते.

"गाडी कुठाय?" मी विचारले.

"आहे. झाकून ठेवलीय," एवढेच बोलून ते रिक्षावाल्याशी तेलुगूत भाड्याचे बोलू लागले. घरात काहीतरी शिजते आहे, हे मी ओळखले.

वाचकहो, ही गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. आजच्या पोरांना हे नाव ठाऊक नसेल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या शेजारच्या गोव्यात, वेर्ण्याला, ही दोन सीटांची आणि उघड्या छताची छोटी स्पोर्ट्स कार तयार होऊ लागली. वरचे अंग फायबरचे, आत रेनो या फ्रेंच कंपनीचे ११४९ सी.सी.चे इंजिन, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. आजची साधी घरगुती गाडीही ताकदीत तिला मागे टाकील. पण त्या काळी ती रस्त्यावर दिसली की पोरे मागे धावत. तिचे उत्पादन केव्हाच थांबले. आता एखादी दिसली तर दिसली.

भावजी मूळ निपाणीचे. बाळानगरच्या एका कारखान्यात त्यांची हयात गेली. घराचे कर्ज फिटल्यावर मार्च २००१ मध्ये त्यांनी ही गाडी घेतली. "चार माणसांच्या घरात दोन सीटांची गाडी?" म्हणून अक्का आठवडाभर बोलली नव्हती. पुढे रविवारी पहाटे पोरे झोपलेली असताना दोघे संगारेड्डीपर्यंत जाऊन इडली खाऊन परत येऊ लागली, तेव्हा तिचा राग गेला.

संगारेड्डीचा तो रस्ता म्हणजे आपल्याच ओळखीचा. पुण्याहून निघून सोलापूर, उमरगा, हुमनाबाद करीत थेट मच्छलीपट्टणला जाणारा हमरस्ता. तेव्हा त्याचा क्रमांक ९ होता, आता ६५ आहे. २०१४ मध्ये इथले राज्य बदलून तेलंगणा झाले. २०१६ मध्ये जिल्हा बदलला आणि रंगारेड्डीची कुकटपल्ली मेडचल-मलकाजगिरीत गेली. २०१७ च्या नोव्हेंबरात रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रो धावू लागली. गाडीच्या पाटीवर मात्र अजून 'एपी २८' आहे. आपल्या सीमाभागातल्या माणसाला याचे नवल वाटू नये. १ नोव्हेंबर १९५६ च्या आदल्या रात्री मुंबई राज्यात झोपलेली आपली वडीलधारी मंडळी सकाळी म्हैसूर राज्यात जागी झाली, तीही घराचा उंबरा न ओलांडता.

ही गाडी सिग्नलला थांबली की शेजारचा कोणीतरी हमखास विचारायचा, "अन्ना, बंडी अम्मुतारा?" म्हणजे गाडी विकणार का? पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी चक्रावलो होतो. मराठीत बंडी म्हणजे आजोबांची बिनबाह्यांची. कन्नडमध्ये बंडी म्हणजे बैलगाडी. भावजी हसून मान हलवीत आणि गाडी पुढे काढीत.

यंदा मात्र तोच प्रश्न घरात विचारला जात होता.

कारण असे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यायची. भावजींनी २०१६ ला वाढवली, २०२१ ला वाढवली, आता २०२६ च्या मार्चमध्ये पुन्हा मुदत संपणार होती. २०२१ ला त्यासाठी ६०० रुपये शुल्क होते. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमाने २० वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. शिवाय राज्याचा हरित कर वेगळा. दिल्लीत १५ वर्षांच्या पेट्रोल गाडीवर जशी बंदी आली तशी इथे नाही. पण खर्च आणि खेपा आल्याच.

रात्री जेवणानंतर बैठक बसली. भाचा कोंडापूरला राहतो, तो मुद्दाम आला होता. त्याने फोनवर सगळा हिशेब मांडूनच ठेवला होता.

"मामा, तीन रस्ते आहेत. एक, भंगार. २०२१ च्या धोरणाप्रमाणे मान्यताप्राप्त केंद्रात गाडी मोडायला दिली की प्रमाणपत्र मिळतं. नवी गाडी घेताना पथकरात सवलत मिळते, केंद्राच्या नियमात २५ टक्क्यांपर्यंत."

"भंगारवाल्याचा लोहचुंबक लावून बघ म्हणावं तिला," भावजी म्हणाले. "फायबर आहे. चिकटायचा नाही."

"दोन, सुधारणा. नवं इंजिन टाकू, नाहीतर विजेवर चालणारी करू."

पण तेही सोपे नव्हते. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि नोंदणी पुस्तकात तशी नोंद लागते. विजेचे साहित्यही मान्यता मिळालेलेच बसवावे लागते. खर्च इतका, की त्यात एखादी बरी जुनी गाडी दारात येईल.

"आणि तीन, बदला." त्याने फोन पुढे केला. एमजी सायबरस्टर. तशीच दोन सीटांची, उघड्या छताची, विजेवरची, जुलै २०२५ मध्ये भारतात आलेली. किंमत पाऊण कोटीच्या घरात! अक्काने आकडा ऐकला आणि ताक आणायला आत निघून गेली.

भाचा इरेला पेटला होता. "बाबा, सचिनने फेरारी विकली की नाही? २००२ ची ती गाडी, २०११ मध्ये सुरतला गेली."

"गेली ना," भावजी म्हणाले. "आणि त्याच सचिनने २०२० मध्ये लोकांना साद घातली, की माझी पहिली मारुती ८०० कोणाकडे असेल तर कळवा. ते का नाही सांगत?"

मी दोघांकडे बघत राहिलो. खरे तर दोघांचेही बरोबर होते. कायद्याने पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून मान आहे. हिचे वय पंचवीस. ना धड नवी, ना धड जुनी. त्यात आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. आपल्याच बेळगाव-कोल्हापूरच्या उसातून निघालेले इथेनॉल त्या टाकीत जाणार, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वायसर त्याला सरावलेले नसतात. ते बदलावेच लागतात.

मला खटकत होते ते वेगळेच. भावजी गाडीची बाजू घेऊन भांडत होते, पण ती चालवत मात्र नव्हते. बॅटरी उतरली होती. कव्हरवर बोटभर धूळ होती.

दुसऱ्या दिवशी भावजी मला बाळानगरला उस्तादांकडे घेऊन गेले. हे उस्ताद बिदरचे. भावजींशी दखनीत, पोरांशी तेलुगूत आणि मी बेळगावचा कळल्यावर माझ्याशी कन्नडमध्ये बोलू लागले. मध्येच मराठीही. बिदर आणि मराठवाडा १९५६ पर्यंत याच हैदराबाद राज्यात होते, त्याची ही शिल्लक. त्यांनी नवी बॅटरी देऊन पोराला पाठवले आणि गाडी आणवली. खाली सरपटून सांगाडा पाहिला. फायबरला गंज नसतो, पण खालच्या लोखंडाला असतो. थोडा होता, घासून रंग देण्याइतका. ब्रेक, इंधनाच्या नळ्या, टायर, कापडी छत, सगळे त्यांनी वहीत लिहिले. दोष गाडीचा नव्हता, वयाचा होता.

मग त्यांनी डावीकडचे दार उघडले, सीटवर तळवा दाबला आणि माझ्याकडे बघून विचारले, "इदराग यार कूडतार्री?"

यात बसतं कोण? मी भावजींकडे पाहिले.

"आता कोणी नाही," भावजी म्हणाले. "हिला गाडीचा कंटाळा आलाय. दोन वर्षं झाली. नेहमी काहीतरी निमित्त. एकट्याने कुठं जायचं, मेव्हणे? म्हणून झाकली."

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. अक्का तीळ भाजत होती. मी सरळच विचारले. ती आधी काही बोलली नाही. गॅस बारीक केला आणि म्हणाली, "तम्मा, गुडघा बदलल्यावर एकदा बसले होते. संगारेड्डीला हॉटेलासमोर उतरता येईना. इतकी खाली ती सीट! शेवटी दोन अनोळखी पोरांनी हात धरून ओढून काढलं. लोक हसत होते. हे सांगितलं तर यांनी दुसऱ्या दिवशी गाडी विकली असती. माझ्यामुळे विकायला नको, म्हणून बोलले नाही."

म्हणजे तिला कंटाळा आला असे समजून त्यांनी गाडी झाकली, आणि गाडी राहावी म्हणून ती त्यात बसेना! इंजिन, कर आणि इथेनॉल यांवर आम्ही रात्री बारापर्यंत वाद घातला होता, आणि खरी अडचण दोन बोटे दबलेल्या स्पंजची होती.

संध्याकाळी आम्ही तिघेही बाळानगरला गेलो. उस्तादांनी एक घोंगडे घडी करून सीटवर ठेवले आणि अक्काला बसवले. "इष्ट साकेनरी, अक्कार?"

"इन्नू स्वल्प," अक्का म्हणाली. अजून थोडं.

आणखी एक घडी पडली. सीटखाली लोखंडी ठोकळे घालून ती उचलू का, असे मी सुचवले, तर उस्तादांनी मान हलवली. सीटची मूळ पकड बिघडवायची नाही. आतला जुना स्पंज काढून कडक नवा भरू, आणि उठताना धरायला दाराच्या बाजूला मजबूत पट्टा लावू. भावजी बाजूला उभे होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे दोन वर्षांपूर्वी सांगायचंस."

"तुम्ही विचारायचं होतं," अक्का म्हणाली.

तिथेच निर्णय झाला. इंजिनाला हात लावायचा नाही. ब्रेक, नळ्या, टायर, गंज आणि सीट आधी. छत पावसाळ्याच्या तोंडावर. एकूण अंदाज सव्वा लाखाच्या आत. नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवायची. रोजच्या कामाला नवी गाडी घ्यायचीच नाही. मेट्रोचे स्टेशन घराजवळ आहे, वर जायला लिफ्ट आहे. दवाखान्याला रिक्षा पुरते. रात्रीचे चालवणे भावजींनी सोडायचे, ही अक्काची अट. आणि उद्या चालवता येईनाशी झाली तर भंगारात न घालता, जो चालवील त्याला द्यायची, ही भावजींची. भाचा फोनवर हे ऐकून म्हणाला, "मग ती मलाच द्या की!" आदल्या रात्री भंगाराचा हिशेब मांडणारा हाच.

संक्रांतीला कुकटपल्ली बघावी. किनारपट्टीच्या आंध्रातून आलेली कुटुंबे इथे फार. सणाला ती गावी जातात आणि एरवी श्वास घ्यायला जागा नसलेला हा रस्ता मोकळा होतो. त्या पहाटे उस्तादांनी आणून दिलेली गाडी दारात उभी होती. अक्काने भाकरी-भाजीचा डबा आणि तिळगुळाची पुडी घेतली, पट्टा धरला आणि बसली. भावजींनी छत मागे सारले.

मी फाटकाशीच राहिलो. दोन सीटांच्या गाडीत मेव्हण्याला जागा कुठली?

साडेनऊला ती परत आली. भावजी लगबगीने डावीकडे आले, पण अक्काने त्यांना हातानेच थांबवले. पट्टा धरला, पाय बाहेर टाकला, एकदा "अय्यो" म्हणाली आणि उठून उभी राहिली. मग माझ्या हातावर तिळगूळ ठेवून म्हणाली, "जा तम्मा, आता तू एक चक्कर मारून ये."

पुढची बैठक २०३१ च्या मार्चमध्ये. तेव्हा भावजी पंचाहत्तरीचे असतील आणि गाडी तिशीची. तोवर तहकूब.