आधी काय दळलं?

सिलिअॅकचं निदान घेऊन माझ्याकडे येणारे आईवडील पहिल्या भेटीत हमखास विचारतात, "मॅडम, पोळी बंद म्हणजे मग मुलाला खायला द्यायचं तरी काय?" महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर अवघड नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, शिंगाडा, सगळ्या डाळी आणि कडधान्यं यांत ग्लुटेन नसतं. भाकरी, घावन, आंबोळी, धिरडी, उकडीचे मोदक हे सगळं त्या मुलाचंच आहे. दोन-तीन पिढ्यांपूर्वी आपल्याकडच्या कितीतरी घरांत पोळी सणावारालाच व्हायची. आईवडिलांचा जीव जरा भांड्यात पडला की मग मी माझा प्रश्न विचारते. दळण कुठून आणता, आणि तुमच्या ज्वारीच्या आधी त्या गिरणीत काय दळलं होतं?

आहारतज्ज्ञ म्हणून माझं बरंचसं काम या एका प्रश्नाभोवती फिरतं. तो इतका महत्त्वाचा का, हे कळायला आधी ग्लुटेन पाहावं लागतं, आणि ते घरीही पाहता येतं. घट्ट मळलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा अर्धा तास झाकून ठेवा आणि नळाच्या बारीक धारेखाली हळूहळू चोळत धुवा. पांढरं दुधाळ पाणी निघून जाईल. तो स्टार्च. पाणी नितळ यायला लागलं की हातात करड्या रंगाचा, ताणला तर लांबणारा चिवट लगदा उरतो. तेच ग्लुटेन, गव्हातलं प्रथिन. पोळी फुगते आणि पाव जाळीदार होतो तो याच्याच जोरावर. जव आणि राय या धान्यांतही याच घराण्यातली प्रथिनं असतात.

हे प्रथिन कुणाच्याच पोटात पुरतं पचत नाही. त्याचे लांबट तुकडे उरतात. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. पण ज्यांच्याकडे डीक्यू2 किंवा डीक्यू8 ही जनुकं आहेत, त्यांतल्या काही थोड्यांची प्रतिकारशक्ती या तुकड्यांना शत्रू समजते आणि हल्ला करताना स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर झिजवते. या अस्तरावर अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. ते सपाट होतात. मग घरात कितीही सकस शिजवलं तरी लोह, फॉलिक आम्ल, कॅल्शियम अंगी लागत नाही. हाच सिलिअॅक. याला अॅलर्जी म्हणणं चूक आहे. हा स्वप्रतिकार आजार आहे आणि तो जन्मभर राहतो.

आहारानेच याचा इलाज होईल, असं लंडनच्या सॅम्युअल गी यांनी 1888 मध्ये लिहून ठेवलं होतं. पण नेमकं काय वगळायचं ते त्यांना उमगलं नव्हतं. ते शोधलं हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. गव्हावरचा संशय त्यांना युद्धाआधीपासूनच होता. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि एरवी खंगत जाणारी या आजाराची मुलं त्या काळात सुधारली. पुन्हा पाव मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये डिके यांनी त्यावर प्रबंध लिहिला. व्हॅन डी कॅमर आणि वायर्स या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी पुढे दाखवून दिलं, की गव्हाचा स्टार्च निरुपद्रवी असतो आणि दोष त्या चिवट लगद्यात असतो. आज सत्तर वर्षांनंतरही ग्लुटेन पूर्ण टाळण्यावाचून दुसरा सिद्ध इलाज नाही.

आपल्याकडे हा उत्तरेकडच्या, गहू खाणाऱ्या लोकांचा आजार समजला जातो. त्या समजात तथ्य आहेच. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या तेवीस हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उत्तरेत हजारी साडेआठ जणांना हा आजार सापडला, तर दक्षिणेत दहा हजारांत जेमतेम एकाला. पण त्याच अभ्यासात दिसलं, की ही जनुकं बाळगणाऱ्यांचं प्रमाण तिन्हीकडे जवळपास सारखंच, म्हणजे तिघांत एकाच्या आसपास आहे. महाराष्ट्राच्या ताटात आता सकाळी बिस्किट, डब्यात पोळी, संध्याकाळी पाव आणि रात्री पुन्हा पोळी असते. इथे हा आजार दुर्मीळ समजून स्वस्थ बसणं मला धोक्याचं वाटतं.

स्वस्थ बसल्यामुळे काय होतं ते मी पाहते. अकरा वर्षांची एक मुलगी आली होती, सात वर्षांची वाटावी एवढीच. जुलाब नाहीत, पोटात दुखणंही क्वचित. फक्त हिमोग्लोबिन वर येत नव्हतं. लोहाच्या बाटल्या झाल्या, जंताची औषधं झाली, 'खात नाही, नखरे करते' म्हणून बोलणी खाऊन झाली. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करायला सांगितली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून पाहिला आणि निदान पक्कं झालं. औषधाला दाद न देणारा अशक्तपणा, खुंटलेली उंची, लांबलेली पाळी, वारंवार येणारं तोंड, ठिसूळ हाडं, वारंवार होणारे गर्भपात, अशा कितीतरी रूपांत हा आजार येतो. टाइप 1 मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार असेल तर शंका आणखी बळावते.

इथे एक कळकळीची विनंती. शंका आली म्हणून आपल्या मनाने गहू सोडू नका. गहू बंद केला की रक्तातली प्रतिपिंडं उतरतात, आतडं भरून येऊ लागतं आणि तपासणी खोटंच 'सगळं ठीक' सांगते. तपासणी गहू खात असतानाच व्हायला हवी. आणि खपली गहू या रुग्णांना चालतो, हे कुणीही सांगितलं तरी ऐकू नका. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. 'जुनं देशी वाण' या प्रेमापोटी लोक ते बिनधास्त खातात आणि सहा महिन्यांनी प्रतिपिंडं तशीच्या तशी का, म्हणून विचारत येतात.

आता गिरणीकडे वळू. या रुग्णांना दिवसाला साधारण दहा मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन निभावतं. रोज पन्नास मिलिग्रॅम पोटात गेलं तर आतड्याला इजा होते. एका मध्यम पोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं. म्हणजे निभावणारे ते दहा मिलिग्रॅम किती, तर पोळीचे अडीचशे तुकडे करायचे आणि त्यातला एक. गिरणीत गव्हाचं दळण संपतं तेव्हा दगडांमध्ये, पेटीच्या कोपऱ्यांत, पीठ ज्यातून डब्यात पडतं त्या कापडी नळीच्या घड्यांत पीठ बसलेलं असतं. पुढच्याची ज्वारी ते सोबत घेऊन उतरते. किलोभर ज्वारीच्या पिठात चमचाभर, समजा दहा ग्रॅम कणीक आली, तर ती डोळ्यांना दिसतही नाही. पण त्या पिठाच्या दोन भाकऱ्यांतून नव्वदएक मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जातं. आई मनोभावे भाकरी थापते आहे, मुलगी मुकाट्याने पोळी सोडून भाकरी खाते आहे, आणि आतडं काही भरून येत नाही. म्हणून माझा आग्रह घरघंटीचा, आणि त्यात गहू कधीच न दळण्याचा. ऐपत नसेल तर दोन-तीन कुटुंबांनी मिळून घ्यावी. धान्यही निवडून, धुऊन, वाळवून मगच दळावं, कारण दुकानात पोती शेजारीशेजारी असतात.

दुसरा चोर हिंगाच्या डबीत बसलेला असतो. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे हिंगाच्या चिकात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बहुधा गव्हाचं. रोजच्या आमटीत, भाजीत, ताकात तो पडतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. डबीवर वाचून घ्यावा. सोया सॉसमध्ये गहू असतो, माल्ट घातलेल्या पौष्टिक पेयांत जव असतो, सातूच्या पिठात बहुतेक वेळा गहू असतोच. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार 'ग्लुटेनमुक्त' लिहिलेल्या पदार्थात किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं. तेवढं असेल तर ते चालतं. मात्र अशी पाकिटबंद बिस्किटं आणि पाव बरेचदा मैदा काढून नुसता स्टार्च आणि तूप-साखर घालून केलेले असतात. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. त्यापुढे ही महागडी पाकिटं मला तरी फिकी वाटतात. अर्थात निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यांत आतडं नाजूक असतं. तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण यांनी सुरुवात करून भाकरीकडे हळूहळू यावं.

घरात ही शिस्त सगळ्यात लवकर कुणाला समजते, तर आजीला. त्या मुलीची आजी सोलापूरकडची. सून वेगळा तवा, वेगळं लाटणं, वेगळी चाळणी ऐकून गांगरली होती. आजी म्हणाल्या, "अगं, एकादशीला नाही का आपण डाळीचा चमचा खिचडीत घालत? तसंच. हिची रोज एकादशी." दुसऱ्या दिवसापासून त्या घरात मुलीचा डबा, तवा, परात वरच्या फळीवर गेले आणि तिथे कुणी कणकेचा हात लावला नाही.

घराबाहेर मात्र त्रास होतो. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. 'प्रसादाला नाही म्हणू नये, एवढ्याशाने काय होतंय' म्हणणारी माणसं प्रेमळच असतात, पण एवढ्याशानेच होतं. वसई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांपुढे पवित्र प्रसादाच्या गव्हाच्या चकतीचा प्रश्न असतो. तिथे चर्चने अत्यल्प ग्लुटेनच्या चकतीला किंवा नुसता द्राक्षारस घेण्याला मुभा दिली आहे. पूजेच्या घरी मुलाला केळं किंवा खडीसाखर दिली तर त्याची भक्ती तसूभरही उणी होत नाही. कॉलेजात गेलेल्या मुलांची मला जास्त काळजी वाटते. वडापाव खाऊन लगेच काही होत नाही, मग पुन्हा खातात. आत झीज चालू असते.

आणि दिवाळी! फराळाचं निम्मं ताट या मुलांना मुळातच मोकळं आहे. भाजणीच्या चकल्या, अनारसे, पोह्यांचा चिवडा, शेव, रवा न घातलेले बेसनाचे लाडू. भाजणी घरी दळलेली हवी, हिंग तांदळाचा हवा. शंकरपाळ्यांसाठी तांदूळ आणि ज्वारीच्या पिठाची आधी उकड काढावी. गरम पाण्याने स्टार्च चिकट होतो आणि ग्लुटेनवाचून पीठ लाटता येतं. भाकरीला आधण घेतात ते याच कारणाने. राहिला तळणीचा क्रम. पथ्य असलेल्या मुलीचं सगळं आधी, ताज्या तेलात, स्वच्छ झाऱ्याने तळून झाकणाच्या डब्यात भरून टाकावं, आणि मगच करंज्या कढईत सोडाव्यात. त्या तेलात पुन्हा तिचं काही तळू नये. आणि शेवटचं एक काम: तिच्या सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही रक्ततपासणी उरकून घ्यावी, कारण जवळच्या नात्यात दहा-वीसांत एकाला हा आजार निघतो. फराळाआधीच करा, सगळे अजून गहू खात आहेत तोवर.