टाकीवर नजर

लातूरकरांना पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हापासून आई रोज गच्चीवर चढून टाकी बघते. दुखऱ्या गुडघ्यांनी! मी नोकरीला नांदेडात. फोनवर नुसतं टेन्शन घेणार.

मग जिन्याजवळ जुना लॅपटॉप ठेवला, त्यात लिनक्स. वेबकॅमचं तोंड टाकीच्या पारदर्शक नळीकडे. बाकी काम 'एफएसवेबकॅम' या चिमुकल्या टूलचं. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. एका ओळीची कमांड, की फोटो तयार, खाली तारीख-वेळ छापलेली. सुरुवातीच्या काळपट फ्रेम्स वगळायच्या, पुढच्या काही एकत्र करायच्या, चित्र स्वच्छ! 'क्रॉन'मुळे दर तासाला एक फोटो आईच्या मोबाईलवर.

पाणी तेवढंच आहे, बॉस. पण जिना चढणं थांबलं.