पोलादाच्या गावात 'हिस्टेरिया'

आमच्या आजोबांच्या दाढीच्या वस्तऱ्यावर 'शेफिल्ड' असं कोरलेलं होतं. लहानपणी मला ते कंपनीचं नाव वाटायचं. ते इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव आहे हे कळलं दादाच्या एका कॅसेटमुळे. डेफ लेपर्ड या बँडची 'हिस्टेरिया'. दादा म्हणाला होता, "आजोबांच्या वस्तऱ्याच्या गावची पोरं आहेत ही!"

गेल्या वर्षी लेक शेफिल्डला शिकायला गेली. तिला भेटायला गेले तेव्हा ती मला बागा आणि संग्रहालयं दाखवायच्या तयारीत होती. मी म्हटलं, "ते बघूच, पण आधी मला डेफ लेपर्डचं गाव बघायचंय." ती बघतच राहिली. "आई, तू? मेटल?"

हो, मेटल. त्यातही ग्लॅम मेटल. फुगवलेले केस, चकाकते कपडे, गडगडणाऱ्या गिटारी आणि त्यावर कुणालाही गुणगुणता येईल असं ध्रुवपद. हा शिक्का या बँडला स्वतःला फारसा आवडत नाही, पण ऐंशीच्या दशकातल्या त्या लाटेतल्या सर्वांत मोठ्या यशांपैकी एक म्हणजे 'हिस्टेरिया'. ३ ऑगस्ट १९८७ रोजी आलेल्या या अल्बमच्या जगभरात दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या.

शेफिल्डमध्ये मात्र झगमगाट शोधावा लागतो. गाव टेकड्यांवर वसलेलं, सगळे रस्ते एकतर चढाचे नाहीतर उताराचे. माझे गुडघे पहिल्याच दिवशी बोलू लागले. हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये इथेच स्टेनलेस स्टील बनवलं. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांचं आणि ताटांचं हे एका अर्थी आजोळच.

ब्रॅमल लेनच्या फुटबॉल मैदानाजवळ पोर्टलँड वर्क्स नावाची लाल विटांची जुनी इमारत आहे. स्टेनलेस स्टीलचे सुरी-चमचे अगदी सुरुवातीला जिथे तयार झाले, त्यांपैकी ही एक जागा. इमारत जाणार अशी वेळ आली तेव्हा लोकांनी वर्गणीसारखे शेअर घेऊन ती वाचवली. आजही आत छोटी वर्कशॉप आहेत. एका दारातून हातोडीचा आवाज येत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी गिटार वाजवत होतं. मला तिथेच उभं राहावंसं वाटलं, कारण डेफ लेपर्डची पोरंसुद्धा सुरुवातीला शेफिल्डमधल्या अशाच एका जुन्या चमच्यांच्या कारखान्यात सराव करायची. गायक जो एलियट हत्यारांच्या कारखान्यात नोकरीला, रिक सॅव्हेज रेल्वेत, स्टीव्ह क्लार्क लेथ मशीनवर. दिवसा काम, संध्याकाळी गिटार. ड्रमर रिक ॲलन बँडमध्ये आला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या मैत्रिणीने गाडीतून ए ५७ या रस्त्याने नेलं. गावातून पश्चिमेला निघालं की दहा-पंधरा मिनिटांत घरं संपतात आणि उघडा माळ सुरू होतो. दगडी बांध, मेंढ्या, वळणावर वळणं. ३१ डिसेंबर १९८४ रोजी याच रस्त्यावर रिक ॲलनची गाडी दुसऱ्या गाडीला ओलांडताना उलटली आणि बांधापलीकडच्या शेतात जाऊन पडली. त्याचा डावा हात तुटला. डॉक्टरांनी तो पुन्हा जोडला, पण जंतुसंसर्ग झाला आणि हात काढावाच लागला. वय एकवीस. ते नेमकं वळण शोधायचं नाही, असं आम्ही आधीच ठरवलं होतं.

'हिस्टेरिया'चं काम तेव्हा सुरू झालेलं होतं. दुसरा ड्रमर घेऊन अल्बम पुढे नेणं सोपं होतं. बँडने तसं केलं नाही. ते थांबले.

दवाखान्यात पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेल्या फोमवर रिक पायांनी ताल धरू लागला. डाव्या हाताचे ठोके डाव्या पायाने देता येतील, हे त्याला तिथे सुचलं. मग त्याच्यासाठी पेडलवर चालणारा इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट तयार झाला. १९८६ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडमधल्या छोट्या कार्यक्रमांत सोबतीला दुसरा ड्रमर होता. एके दिवशी त्याला यायला उशीर झाला आणि रिकने एकट्यानेच सुरुवात केली. ते ऐकल्यावर दुसऱ्यानेच सांगून टाकलं की माझी आता गरज नाही. त्याच महिन्यात डॉनिंग्टनच्या मोठ्या मैदानावर रिक हजारो लोकांसमोर बसला.

अल्बमच्या मागची साडेसाती तरी संपत नव्हती. निर्माता मट लँगच्या गाडीलाही अपघात झाला. जो एलियटला गालगुंड झालं! हॉलंड, डब्लिन, पॅरिस असे स्टुडिओ बदलत खर्च इतका वाढला की पन्नास लाख प्रती खपल्या तरच तो निघेल, असा हिशेब सांगितला जायचा. अल्बमला 'हिस्टेरिया' हे नाव रिकनेच सुचवलं, अपघातानंतर माध्यमांत उसळलेल्या गदारोळावरून. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचायला अल्बमला जवळजवळ एक वर्ष लागलं. तिथे विक्रीला खरा जोर दिला तो 'पोअर सम शुगर ऑन मी'ने, आणि हे गाणं तर काम संपत आलेलं असताना ऐनवेळी सुचलेलं.

शेवटच्या दिवशी ट्रामने मॅलिन ब्रिजला उतरून आम्ही वाइजवूडच्या दफनभूमीकडे चढलो. स्टीव्ह क्लार्क तिथे आहे. लेथ मशीन सोडून आलेला तो गिटारवादक दारूत बुडत गेला. बँडने त्याला सहा महिन्यांची रजा दिली, त्याच्यासाठीही ते थांबले. १९९१ च्या जानेवारीत तो गेला, तिशीतच. त्याचा पूर्ण झालेला शेवटचा अल्बम 'हिस्टेरिया'च.

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एकासाठी थांबले तर तो परत आला. दुसऱ्यासाठीही थांबलेच होते की गं."

मी काहीच बोलले नाही. तिने फुलं ठेवली.

परतीच्या ट्राममध्ये एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. तिने 'रॉकेट' लावलं. त्यातले ड्रम ऐकताना कुठला ठोका हाताचा आणि कुठला पायाचा, ते ओळखायची पैज लागली. कॅथीड्रलचा थांबा आला तरी दोघींपैकी कुणालाच एकही ओळखता आला नव्हता. मग तिने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि आम्ही उतरायचं विसरलो.