असेंबल्ड : मुलुंडच्या एका कॉम्प्युटरचा पूर्वेतिहास

वाचकहो, या धाग्यांत आपण बहुधा ताम्रपट, बखरी आणि ढासळलेले बुरूज यांच्याविषयी बोलतो. आजचा अस्सल कागद माझ्या मुलुंडच्या घरातील टेबलावर पडलेला आहे. त्यावर माझ्या भाच्याच्या अक्षरात नव्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची यादी आहे आणि तिच्यावर माझ्या पेन्सिलीच्या फुल्या आहेत. त्याला तो खेळांसाठी हवा आहे, मला संगीतासाठी. यंत्र एकच घ्यायचे आहे आणि पैसे ठरलेले आहेत. धागा लांब आहे, सावकाश वाचावा.

भाच्याच्या हिशेबात निम्मी रक्कम ग्राफिक्स कार्डाने गिळली होती. एसएमपीएस, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणारा डबा, यादीच्या तळाशी होता आणि त्यापुढे ‘कुठलाही चालेल’ असा शेरा होता. मी पहिली फुली तिथे मारली. ‘‘मामा, तू त्या डब्याला एवढा का घाबरतोस?’’ त्याने विचारले. याचे उत्तर द्यायचे तर १९९९ पर्यंत मागे जावे लागते; आणि नीट द्यायचे तर १९५४ पर्यंत.

त्या वर्षी आर. नरसिंहन मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. त्यांच्या गटातील बहुतेकांनी त्यापूर्वी संगणक वापरलेलाच नव्हता. तरीही त्यांनी आधी एक प्रायोगिक यंत्र उभे केले आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचा संगणक चालू केला. १८ फूट लांब, ८ फूट उंच पोलादी सांगाडा. त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक. स्मृती होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. आजच्या मापात ती भरते १० किलोबाइट. भाच्याच्या यादीतील ३२ जीबी रॅम तिच्या सुमारे साडेतेहेतीस लाख पट आहे.

जानेवारी १९६२ मध्ये संस्थेच्या कुलाब्यातील नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, तेव्हा पंडित नेहरूंनी या यंत्राला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. तोवर जग नळ्या टाकून ट्रान्झिस्टरकडे वळले होते. बारशाच्या दिवशीच बाळ म्हातारे झालेले होते. पण एक तपशील मला फार आवडतो. टिफ्रॅकला आलेख आणि अक्षरे दाखवणारा कॅथोड किरणांचा पडदाही जोडलेला होता. ‘‘म्हणजे ग्राफिक्स आधीपासून महत्त्वाचंच होतं,’’ असे म्हणून भाच्याने मी मारलेली दुसरी फुली खोडरबराने पुसली.

आमच्या उपनगरांतही संगणक पुढे आले, पण कुंपणाआड. पवईच्या आयआयटीत सोव्हिएत मदतीतून मिन्स्क यंत्र आले. अंधेरीत १९७३ मध्ये सीप्झ उभे राहिले, ते मात्र निर्यातीसाठी. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला संगणक लागत नव्हता आणि मिळतही नव्हता. मोठ्या कचेऱ्यांना तो आयबीएमकडून भाड्याने मिळे. पुढे परकीय चलन नियमन कायद्याने विदेशी भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची अट घातली. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. आयबीएमने अट नाकारली आणि १९७८ मध्ये कंपनी भारतातून निघून गेली.

माझे बाबा तेव्हा फोर्टमधील एका बँकेत कारकून होते. खतावणीतील त्यांचे आकडे छापल्यासारखे असत. १९८०च्या दशकात बँकांत यंत्रे येऊ घातली, तेव्हा कर्मचारी संघटनांचा विरोध कडवा होता. १९८३ मध्ये बँका आणि संघटना यांच्यात करार होऊन यांत्रिकीकरण मर्यादित प्रमाणात मान्य झाले. पुढच्या वर्षी सी. रंगराजन यांच्या समितीने त्याचा आराखडा दिला. बाबा त्या विरोधातील मोर्च्यांत चालले होते. त्यांना मागासलेले ठरवणे आज सोपे आहे. मी तसे करणार नाही. ज्याच्या हस्ताक्षरावर घर चालते, त्याने छपाईयंत्राचे स्वागत हसतमुखाने करावे, ही अपेक्षाच मला उद्धट वाटते.

आता या साऱ्या कथेचा कणा. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने अमेरिकेत आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ आणला. तो घाईत बनवायचा होता, म्हणून कंपनीने बाजारात तयार मिळणारे भाग घेतले : प्रोसेसर इंटेलचा, संगणकप्रणाली मायक्रोसॉफ्टची. यंत्राची रचना तिने तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकली, कारण इतरांनी त्यात बसणारी कार्डे बनवावीत, अशी तिची इच्छा होती. स्वतःच्या मालकीचे म्हणावे असे फारसे उरले नाही. उरला तो बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताच प्रथम जागा होणारा छोटा प्रोग्रॅम.

बायोसची नक्कल करणे गुन्हा होता. परंतु तो काय करतो हे एका गटाने लिहून काढायचे आणि मूळ मजकूर कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा बायोस लिहायचा, हा गुन्हा नव्हता. कॉम्पॅकने या रीतीने १९८२च्या अखेरीस आपले यंत्र जाहीर केले. १९८४ मध्ये फिनिक्स ही कंपनी असा बायोस कोणालाही विकू लागली. किल्ल्याचा दिंडी दरवाजा आतल्या माणसानेच उघडा ठेवावा, तसे झाले. मग तैवानचे कारखाने मदरबोर्ड बनवू लागले आणि ज्याला स्क्रूड्रायव्हर फिरवता येतो, त्याला कॉम्प्युटर जुळवता येऊ लागला.

भारतात नोव्हेंबर १९८४च्या नव्या संगणक धोरणाने आयातीचे दार किलकिले केले. ग्रँट रोड स्थानकालगतच्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा व्यापार होताच; कागदोपत्री त्या रस्त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण गव्हर्नर लॅमिंग्टनसाहेब लोकांच्या जिभेवरून उतरले नाहीत. त्याच दुकानांत पुढे मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क दिसू लागल्या. या भागांतून बनलेल्या यंत्राला जाहिरातींत ‘आयबीएम कंपॅटिबल’ म्हणत आणि बोलण्यात ‘असेंबल्ड’. १९७८ मध्ये देश सोडून गेलेली कंपनी १९९२ मध्ये टाटांच्या भागीदारीत परतली खरी. परंतु तिच्या यंत्राचा आराखडा तिच्याशिवायच इथे येऊन पोहोचला होता.

१९९९ मध्ये असाच एक असेंबल्ड आमच्या घरी आला. मी कॉलेजात होतो. सेलेरॉन प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्ड डिस्क आणि एक साउंड कार्ड. पैसे बाबांनी दिले. मोर्च्याची आठवण काढण्याचे धाडस घरात फक्त आईला होते आणि तिने ते केले. ‘‘हा बँकेतला नाही, घरातला आहे,’’ एवढेच बाबा म्हणाले.

साउंड कार्डाविषयी थोडे विषयांतर करतो, कारण भाच्याच्या आणि माझ्या भांडणाचे मूळ तिथे आहे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर कार्ड १९८९ मध्ये आले. स्वर निर्माण करणारी त्यातील चिप यामाहाची होती आणि तिच्यामागची एफएम पद्धत स्टॅनफर्डमधील जॉन चाउनिंग यांनी शोधलेली. या कार्डाच्या पाठीला १५ टाचण्यांचे एक दार असे. त्यात खेळणारा जॉयस्टिक जोडी आणि वाजवणारा, वेगळी केबल लावून, मिडीचा कीबोर्ड. खेळ आणि संगीत एकाच दाराने ये-जा करीत. आमच्या कार्डालाही तसे दार होते. मी त्यात जॉयस्टिक लावली. बाबांनी कार्डाच्या दुसऱ्या भोकात टेपरेकॉर्डरची वायर लावली.

बाबा गात असत. मैफलीत नव्हे; घरी, शनिवारी संध्याकाळी, शेजारच्या काकांच्या तबल्यावर, मुख्यतः नाट्यसंगीत. १९७० आणि ८०च्या दशकांतील त्या बैठकींच्या नऊ कॅसेट होत्या, प्रत्येकी ६० मिनिटांच्या. सीडीच्या दर्जाने साठवले तर एका मिनिटाला सुमारे १०.६ एमबी लागतात. म्हणजे नऊ कॅसेटना पावणेसहा जीबी. आमची डिस्कच ४.३ जीबीची! बाबांनी कागदावर त्रैराशिक मांडले, एकच वाहिनी आणि निम्मा नमुनादर ठरवला आणि सगळे गाणे दीड जीबीच्या आत बसवले. खतावणी लिहिणाऱ्या माणसाला ही काटकसर अवघड नव्हती.

नंतर त्यांनी जे केले, ते मला अजून पचलेले नाही. गाणे आता मशीनमध्ये सुरक्षित आहे, असे ठरवून त्यांनी त्याच कॅसेटांवर रेडिओवरचे कार्यक्रम टेप करायला सुरुवात केली. ज्याने यंत्राविरुद्ध घोषणा दिल्या होत्या, त्याचा विश्वास बसला तो असा पुरता. नववी कॅसेट तेवढी वाचली. तिच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा आईने फार पूर्वी मोडून ठेवला होता. तो मोडला की टेपरेकॉर्डरचे रेकॉर्डचे बटण दाबलेच जात नाही.

२००४च्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली आणि परत आली. कॅबिनेटमधून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, पाठोपाठ जळका वास. स्वस्तातला एसएमपीएस होता. चिकटपट्टीवर ३०० वॅट लिहिलेले, पण हातात घेतला तर पोकळ नारळासारखा हलका. जाता जाता तो हार्ड डिस्कचे सर्किट जाळून गेला. ज्या दुकानातून यंत्र जुळवून घेतले, त्याने डिस्क उलटसुलट पाहिली आणि नवी घ्या म्हणून सांगितले. बाबांनी ती फेकू दिली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली. २०११ मध्ये ते गेले. डिस्क अजून तिथेच आहे, पुडक्यावर त्यांच्या त्या छापील अक्षरांत तारीख आहे.

हे सगळे सांगून झाल्यावर भाचा काही बोलला नाही. यादी त्याने नव्या कागदावर लिहायला घेतली आणि एसएमपीएस सर्वांत वर लिहिला : ७५० वॅट, नावाजलेल्या कंपनीचा, सोबत यूपीएस. ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली उतरले. मीही थोडा उतरलो. महागडे स्पीकर रद्द केले, हेडफोनवर भागेल.

खरी ओढाताण आवाजावरून झाली. ताकदवान ग्राफिक्स कार्ड तापते, तापले की पंखे घोंघावतात आणि मायक्रोफोन ते सारे इमानेइतबारे टिपतो. मुंबईच्या मे महिन्यात खोलीचा पंखा बंद करून गाणे ध्वनिमुद्रित करून पाहिलेल्यांना अधिक सांगायला नको. अखेर मोठे, संथ फिरणारे पंखे असलेले ऐसपैस कॅबिनेट आणि काम हलके असताना पंखे पूर्ण थांबवणारे ग्राफिक्स कार्ड, असा तह झाला.

दुसरा मुद्दा विलंबाचा. गाणाऱ्याचा आवाज यंत्रात जाऊन कानात परत येईपर्यंत वेळ लागतो. ४८,००० नमुनादर आणि १२८ नमुन्यांचा साठा धरला, तर एका साठ्याचा विलंब सुमारे २.७ मिलिसेकंद होतो. तेवढ्या वेळात हवेतून ध्वनी जेमतेम तीन फूट जातो. म्हणजे तबलजी मांडीला मांडी लावून बसला आहे. ५१२ नमुने ठेवले की तो बारा फुटांवर, खोलीच्या दारात जाऊन बसतो. आवाज जाता-येता असे साठे दोनदा लागतात, ते वेगळेच. भाच्याला हे लगेच पटले, कारण बटण दाबणे आणि पडद्यावर गोळी सुटणे यांतील अंतर मोजण्यात त्याची उमर चालली आहे. आठ गाभ्यांचा चपळ प्रोसेसर दोघांनाही हवाच होता. तिथे वाद झाला नाही.

साउंड कार्ड आता यादीत नाही. यूएसबीला लावायचा ऑडिओ इंटरफेस आहे. पहिले काम नवव्या कॅसेटचे. तिची फीत चाळिशी ओलांडलेली आहे, म्हणून आधी टेपरेकॉर्डरचे हेड आणि रबरी चाक स्वच्छ करून, ९६,००० नमुनादराने, शक्यतो एकाच वाजवण्यात ती उतरवून घ्यायची. मग त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी. कॅसेट पुन्हा आईच्या हातात.

राहिली ती डिस्क. जळले ते बाहेरचे सर्किट. आतल्या चकत्या कदाचित शाबूत असतील. त्या काळातील कित्येक डिस्कना हुबेहूब त्याच मॉडेलचे सर्किट बसवले की त्या बोलू लागत. कधी त्यावरची एक चिपही काढून बसवावी लागे, आणि कधी कशानेच काही होत नसे. मी तिच्याकडे वीस वर्षे पाहण्याचे टाळले. भाच्याने पुडके उघडून डिस्कवरचा मॉडेल क्रमांक उतरवून घेतला आणि परवा तो लॅमिंग्टन रोडवर तीन तास जुन्या डिस्कांच्या ढिगात बसून आला. तिसऱ्या गल्लीत त्याला ती मिळाली. मॉडेल तेच, सर्किटवरचा क्रमांकही तोच, किंमत दोनशे रुपये.

यादीच्या तळाशी, जिथे आधी एसएमपीएस होता, तिथे आता त्याने लिहिले आहे : ‘आयडीई ते यूएसबी अडॅप्टर – १. छोटा टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर – १. मामाने हात लावायचा नाही.’