ओला सांधा

जळगावापासून समुद्र फार दूर आहे. तरी गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने आमच्या जळगावच्या घरी प्रवाळांसाठी काचेची एक मोठी पेटी मांडली. पेटीखाली पाण्याची टाकी, टाकीत पंप आणि पाणी वरखाली फिरविण्यासाठी पीव्हीसी पाइपांचे जाळे. लोखंड खाऱ्या पाण्याने गंजते आणि तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर प्रवाळ मरतात. म्हणून तेथे हेच पाइप लागतात. मला मौज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. पीव्हीसीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग मिठापासून काढलेल्या क्लोरीनचा असतो. मिठातून निघालेला पाइप पुन्हा खाऱ्या पाण्यात उतरला होता!

पुतण्याने शेवटचा सांधा चिकटविला आणि लगेच पंपाच्या बटणाकडे हात नेला. "थांब! उद्यापर्यंत हात लावू नकोस," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच असावा. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे यावल तालुक्यातील आमचा केळीचा मळा उभा राहिला होता.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. जळगावात जैन उद्योगसमूहाने १९८० मध्ये पीव्हीसी पाइप तयार करण्यास आरंभ केला होता. त्यानंतर काही वर्षांनी माझ्या थोरल्या काकांनी, म्हणजे नानांनी, विहिरीपासून बागेपर्यंत पाइप टाकायचे ठरविले. मला पाइपांपेक्षा पाटाचे पाणी अधिक ओळखीचे होते. माझे आजोळ धुळे जिल्ह्यात, पांझरा नदीच्या काठी. तेथे फड पद्धतीने शेती होई. बंधाऱ्याचे पाणी उताराने पाटात येई आणि पाटकरी ते पाळीपाळीने शेतांना देई. पाट फुटला तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसे. चार फावडी माती टाकली की काम भागे. जमिनीखालच्या पाइपाचे तसे नसते.

नाना सांधे जोडीत ते पहाटे, ऊन तापण्यापूर्वी. प्रथम पाइप करवतीने अगदी सरळ कापायचा, कडेचा चुरा कानशीने काढायचा, मग कोरड्या फडक्याने पुसायचे. पुढच्या पाइपाच्या फुगीर तोंडात तो किती खोल जायला हवा, तेथे नाना पेन्सिलीने खूण करीत. त्यानंतर डबा उघडायचा. त्यातील उग्र वासाच्या द्रवाला आमच्याकडे सगळे 'सोल्युशन' म्हणतात. मी त्याला डिंक समजत होतो. नाना म्हणाले, "अरे, डिंक दोन वस्तू चिकटवतो. हे तर प्लास्टिकच विरघळवते. दोन्ही थर ओले असतानाच एकमेकांत मिसळायला हवेत. मग द्रव उडून जातो आणि दोन पाइपांचा एकच पाइप होतो." पातळ हात फिरवून ते पाइप आत सारीत, किंचित पीळ देत आणि तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरीत. आकडे मोजण्याचे काम माझे.

एके दिवशी एकच सांधा उरला आणि ऊन चढले. "हा उद्या पहाटे," असे म्हणून नाना घरी गेले. चर खोदताना जुना पाट तुटला होता. बाग पाण्यावाचून उभी होती. आजच सांधला तर एक दिवस आधी पाणी मिळेल, असे मला वाटले. खोटे कशाला बोलू, शाबासकीही हवी होती. मी दोन्ही टोकांना सोल्युशन लावले. मे महिन्यातले खानदेशातले ऊन! पाइप उचलून नीट धरीपर्यंत वरचा थर सुकला. पाइप अर्ध्यावर अडला. पुढे जाईना, मागे येईना. पेन्सिलीची खूण बाहेरच राहिली. मी तिच्यावर माती ओढली.

सायंकाळी नानांना सांगितले, "सांधा मी केला." त्यांनी पाठ थोपटली. ती थाप मला अजून आठवते.

तिसऱ्या दिवशी पंप सुरू झाला. बाकीचे सांधे पाणी सोडून पाहण्यासाठी उघडेच ठेवलेले होते. झाकलेला तेवढाच एक. तेथली माती काळी पडली, मग फुगली आणि पाणी उसळून वर आले. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी तो तुकडा कापून काढला, उभा चिरला आणि माझ्या हाती दिला. आत दोन्ही बाजूंना सोल्युशनची सुकलेली साय होती, मधे फट होती. एका कोपऱ्यात मात्र दोन्ही पाइप असे एकजीव झाले होते की, सांध्याची रेघही सापडत नव्हती.

"नाना, खूण बाहेर राहिली होती. मी माती टाकली," मी म्हणालो.

"ते मला दिसले," ते म्हणाले. "तू सांगतोस की नाही, हे पाहत होतो."

नवा जोड आणणे, तो लावणे आणि पुरता वाळू देणे, यात दोन दिवस गेले. त्या दोन रात्री नानांनी शेजारच्या मळ्यातून पाणी मागून घेतले. त्यांनी कोणापुढे शब्द टाकल्याचे मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. तरी कडेच्या ओळींची पाने करपलीच.

नवे सांधे नानांनी माझ्याकडूनच करून घेतले, पहाटे, कंदिलाच्या उजेडात. या वेळी आकडे ते मोजत होते. पुढल्या दिवशी पाणी बागेत पोचले तेव्हा सगळे तिकडे धावले. मी चराच्या काठी उकिडवा बसून सांध्याखालच्या मातीवर तळहात टेकवून होतो. माती कोरडी होती.