भेव कायचं वाटते?

आश्विन वद्य पंचमीला संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंज मोझरीत जमलेली लाखो माणसं एकदम स्तब्ध होतात. तुकडोजी महाराज गेले ती ही वेळ. तारीख ११ ऑक्टोबर १९६८, वय ५९, आजार कर्करोग. नागपूरच्या एका कर्करोग रुग्णालयाला पुढे त्यांचंच नाव दिलं गेलं.

याच आजाराचं दुसरं एक मौन आमच्या वऱ्हाडात घरोघरी पाळलं जातं, आणि ते मला सोसत नाही. मोझरीत सगळे मिळून गप्प असतात. घरात एकट्या आजारी माणसाभोवती सगळे गप्प असतात. फाईल मुलाच्या हातात, रिपोर्ट सुनेच्या मोबाईलमध्ये. डॉक्टरला दाराबाहेरच गाठून सांगायचं, "मायले सांगू नका." यामागे माया असते, ती मी नाकारत नाही. पण माय चेहरे वाचते. न सांगितलेलं स्वतःच्या मनानं पुरं करते, आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा ते वाढतच जातं. खंजिरीवर भजनं गात जे तुकडोजी महाराज गावागावाशी मोकळं बोलले, त्यांच्या मुलखात असं व्हावं!

कॅनडातले कर्करोगतज्ज्ञ रॉबर्ट बकमन डॉक्टरांना शिकवत की, सांगण्याआधी विचारा: रुग्णाला काय ठाऊक आहे, आणि किती जाणून घ्यायचंय? माझ्या मावशीला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा ठरला तेव्हा एका नर्सबाईंना मी असंच आधी विचारताना पाहिलं. त्यांनी स्टूल ओढलं, मावशीच्या अगदी समोर बसल्या. प्रश्न मावशीला, उत्तर मुलाचं, असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी नुसता हात वर करून त्याला थांबवलं.

"मावशी, तुमाले भेव कायचं वाटते?"

मावशी कितीतरी वेळ पदराचा काठ चाळत राहिली. बाई तिथंच बसून राहिल्या, घड्याळाकडे पाहिलं नाही.

"शेक देल्यावर नातवाले जवळ घेता येत नाई म्हनतात."

मरणाचं नव्हतं ते. आम्हा कोणाच्या ध्यानीमनी नसलेलं भय होतं.

"मशीन बंद झाली का शेक संपला. तुमच्या अंगात काई राहत नाई. हा रोग शिवल्यानं लागत नाई. नातू मांडीवर घ्या, एका ताटात जेवा."

मावशीनं मुलाच्या हातातली फाईल मागून घेतली, मांडीवर ठेवली आणि विचारलं, "किती दिवस याव लागते? कापूस वेचनीवर आला हाये."